बोला, काय हवंय? : रोलओव्हर बटणाची एक समीक्षा

आजच्या विषयाचं नाव वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसांनी वेबपानावरच्या बटणाबद्दल काय बोलावं? आमच्या शास्त्राची ‘घटपटाची खटपट’ म्हणून पूर्वीपासून टिंगल होत आली आहे. नैयायिकांनी घट का निवडला? कारण तो प्रत्येकाच्या घरात होता, प्रत्येकाच्या हाताखालचा होता. आज दिवसभरात आपण घटाला किती वेळा हात लावतो आणि बटणाला किती वेळा, हे ज्याचं त्याने मोजावं. तेव्हा आज घटाच्या जागी बटण. खटपट तीच.

रोलओव्हर म्हणजे काय ते आधी सांगू, कारण ऐकणाऱ्यांत सगळेच संगणकातले नाहीत. माउसचा बाण तुम्ही पानावरच्या एका बटणावर नेता. अजून दाबलेलं नाही, बोट नुसतं टेकलेलं आहे. तेवढ्यात बटणाचा रंग बदलतो, कडा उजळते किंवा अक्षरं ठळक होतात. बाण बाजूला नेला की पुन्हा जैसे थे. एवढंच. या एवढ्याशा गोष्टीसाठी १९९८ च्या आसपास मोठमोठी सॉफ्टवेअरं निघाली आणि ‘वेब डिझाइन’ शिकवणाऱ्या क्लासांमध्ये एक अख्खा धडा त्यावर असे.

आमचं म्हणणं असं आहे. हे बदलणं म्हणजे एक उत्तर आहे. तुम्ही मनातल्या मनात विचारलेलं असतं, ‘इथे दाबलं तर काही होईल का?’ आणि बटण म्हणतं, ‘हो, होईल.’ पण ज्या सॉफ्टवेअरांनी हे बटण करायला जगाला शिकवलं, त्यांनी ते उत्तर म्हणून शिकवलं नाही, चित्र म्हणून शिकवलं. त्याचा भुर्दंड आजही भरला जातो आहे, आणि तो बटण काढणारा भरत नाही, दुसरेच कोणी भरतात.

थोडा इतिहास पाहू. नेटस्केप या ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीत जावास्क्रिप्ट आली. तेव्हा बाण लिंकवर नेला की फार तर ब्राउझरच्या तळच्या पट्टीत काहीतरी अक्षरं उमटवता येत. गंमत बघा, त्या पट्टीत ब्राउझर आपणहून एक उपयोगी गोष्ट दाखवत असे. ही लिंक कुठे नेणार, तो पत्ता. लोकांनी स्क्रिप्ट लिहून तो पत्ता झाकला आणि त्या जागी ‘आमच्या पानावर स्वागत असो’ असली वाक्यं टाकली. जाण्याआधी कुठे जाणार ते सांगणारं एक खरं उत्तर होतं, त्यावर सजावट चढवली गेली. पुढे जे झालं त्याचं बीज इथेच आहे. १९९६ साली नेटस्केपच्या तिसऱ्या आवृत्तीत पानावरचं चित्र स्क्रिप्टने बदलता येऊ लागलं. मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरला ते त्याच्या चौथ्या आवृत्तीत, १९९७ साली, जमलं. दोन्हीकडे चित्र बदलू लागलं आणि रोलओव्हरची लाट आली. १९९८ साली मॅक्रोमीडियाचं फायरवर्क्स आलं, त्याच वर्षी अडोबीचं इमेजरेडी आलं आणि पुढच्या वर्षी ते फोटोशॉपच्या जोडीने मिळू लागलं. आता स्क्रिप्ट लिहायला नको होती. चित्रं काढा, स्क्रिप्ट आम्ही लिहितो, असं सॉफ्टवेअर म्हणू लागलं.

फायरवर्क्समधली बटण बनवायची खिडकी जरा निवांत वाचू, आपण एखादं प्रकरण वाचतो तशी. खिडकीच्या वरच्या बाजूला पाच कप्पे. पहिला ‘अप’, म्हणजे बटण स्वस्थ असतानाचं रूप. दुसरा ‘ओव्हर’, बाण वर आल्यानंतरचं. तिसरा ‘डाउन’. चौथा ‘ओव्हर व्हाइल डाउन’. पाचवा ‘ॲक्टिव्ह एरिया’, म्हणजे किती जागेत बटण जिवंत राहायचं ती हद्द. पहिल्या कप्प्यात तुम्ही एक आयत काढता, त्यावर अक्षरं टाकता. दुसऱ्या कप्प्यात गेलात की एक सोय तयारच असते, ‘आधीच्या कप्प्यातलं चित्र इथे उतरवा’. ते उतरवायचं आणि रंग बदलायचा. कडांना उठाव द्यायचा असेल तर चार तयार नमुने आहेत: उठलेलं, उजळलेलं, दबलेलं, उलटं. एका चौकटीत निवडायचं, बटण फुगतं किंवा खचतं. मग एक्सपोर्ट. प्रत्येक अवस्थेची वेगळी फाइल पडते, दुसरीच्या नावाला ‘एफ२’ लागतं, तिसरीच्या ‘एफ३’. सोबत एचटीएमएल आणि स्क्रिप्ट.

कारागिरी म्हणून ही खिडकी उत्तम होती, हे आधी मान्य केलं पाहिजे. एकदा केलेलं बटण तिथे ‘सिंबल’ होई, म्हणजे साचा. साच्यातून आठ बटणं काढली आणि नंतर साच्याचा रंग बदलला, तर आठही बटणं बदलत. सामान्य आणि विशेष यांचा संबंध आम्ही वर्गात ‘घटत्व’ आणि ‘घट’ म्हणून समजावत असू. फायरवर्क्समध्ये घटत्वाला हात लावून घट बदलता येत होता. प्लेटोला हे सॉफ्टवेअर फार आवडलं असतं.

पण त्या खिडकीने एक प्रश्न कुठेच विचारला नाही. ‘हे बटण काय करतं, आणि ते पाहणाऱ्याला आधी कळतं का?’ पाच कप्प्यांपैकी चारांमध्ये फक्त चित्र मागितलं आहे. आणि जो पाचवा, हद्दीचा कप्पा, तोच खरं तर बटण आहे, बाकीची चार त्याची वस्त्रं. बाण कुठे आला म्हणजे ‘आला’ म्हणायचं, बोट कुठे पडलं म्हणजे ‘लागलं’ म्हणायचं, हे तो कप्पा ठरवतो. सॉफ्टवेअर ती हद्द आपोआप आखून देत असे, म्हणून बहुतेक जण तिकडे फिरकतही नसत. चित्र गोल काढलं तरी हद्द साधारणपणे आयताचीच राहायची. वर्तुळाच्या बाहेर, कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेत बाण नेला तरी बटण उजळे. दिसणारी वस्तू एक आणि वागणारी वस्तू दुसरी.

आता इमेजरेडीकडे पाहू, कारण तिथे एक तात्त्विक गंमत आहे. तिथल्या अवस्थांची नावं: नॉर्मल, ओव्हर, डाउन, क्लिक, आउट, अप. ‘डाउन’ हा शब्द दोन्हीकडे आहे, अर्थ मात्र वेगळा. इमेजरेडीत ‘डाउन’ म्हणजे माउसचं बटण जोवर दाबून धरलं आहे तोवरचं रूप. बोट उचललं की ते संपलं. फायरवर्क्समध्ये ‘डाउन’ म्हणजे दाबून झाल्यानंतरचं, आणि बहुतेक वेळा ज्या पानावर पोचलो त्या पानावरचं रूप. मेन्यूतलं ‘संपर्क’ दाबलं, संपर्काचं पान आलं, आणि तिथल्या मेन्यूत ‘संपर्क’ खचलेलं दिसतंय, म्हणजे तुम्ही आत्ता इथे आहात. पहिल्या अर्थी ‘दाबणं’ ही घटना आहे, दुसऱ्या अर्थी ‘दाबलेलं असणं’ ही स्थिती आहे. मराठीत ‘बसतो’ आणि ‘बसलेला आहे’ यांत जो फरक, तो. एक सॉफ्टवेअर शिकून दुसऱ्याकडे गेलेल्या विद्यार्थ्यांची इथे हमखास त्रेधा उडायची, आणि त्यात चूक त्यांची नव्हती. क्रिया आणि तिचं फळ यांना एकच नाव दिलं की असंच होतं.

आमच्या मते यात फायरवर्क्सचा अर्थ अधिक शहाणपणाचा होता. त्याचा चौथा कप्पा, ‘ओव्हर व्हाइल डाउन’, बहुतेक लोक रिकामा ठेवायचे. कशाला हवा तो, असं वाटायचं. पण तो काय म्हणतो बघा. तुम्ही संपर्काच्या पानावरच आहात, आणि तरी बाण ‘संपर्क’वर नेला आहे. अशा माणसाला काय सांगायचं? ‘अहो, तुम्ही इथेच आहात.’ हरवलेल्या माणसाची आठवण या सगळ्या पसाऱ्यात फक्त त्या एका कप्प्याला होती.

इथे जरा संगणकाच्या बाहेर येऊ. जगातल्या खऱ्याखुऱ्या बटणांमध्ये ‘ओव्हर’ ही अवस्था असते का? दारावरची घंटा घ्या, लिफ्टचं बटण घ्या, मिक्सरची कळ घ्या. तुमचं बोट जवळ आलं म्हणून त्यांतलं काही उजळत नाही. बोट टेकतं, कळ दबते, काम होतं. मग वेबपानावरच्या बटणाने ही सवय कुठून घेतली? आमचं उत्तर, वस्तूंकडून नाही, माणसांकडून. तुम्ही एखाद्या कार्यालयात खिडकीशी जाऊन उभे राहता. आतले गृहस्थ कागदात मान घालून बसलेले असतात. तुमची सावली पडते, ते मान वर करतात आणि म्हणतात, ‘बोला, काय हवंय?’ अजून तुम्ही काही मागितलेलं नाही, त्यांनी काही दिलेलं नाही. पण एक गोष्ट ठरली आहे. ही खिडकी चालू आहे आणि त्यांनी तुम्हाला पाहिलं आहे. रोलओव्हर म्हणजे हे ‘बोला’. आणि ज्या खिडकीतले गृहस्थ मानच वर करत नाहीत, तिथे उभं राहिल्यावर काय वाटतं, ते तुम्हा-आम्हाला चांगलं ठाऊक आहे.

गिल्बर्ट राइल यांनी १९४९ सालच्या ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’मध्ये एक भेद फार नेटका मांडला होता. साखर विरघळणारी आहे, असं आपण म्हणतो तेव्हा ती आत्ता विरघळते आहे असं म्हणत नाही. पाण्यात टाकली तर विरघळेल, एवढंच म्हणतो. काच ठिसूळ आहे, फुटलेली नसताना सुद्धा. याला आपण क्षमता किंवा प्रवृत्ती म्हणू. बटण ही अशीच क्षमतेची वस्तू आहे, दाबलं तर काही घडवील अशी. पण क्षमता डोळ्यांना दिसत नाही. साखरेकडे पाहून ती विरघळेल हे दिसतं का? मीठही पांढरंच असतं, फिटकरीची पूडही पांढरीच असते. म्हणून क्षमता ओळखायला खूण लागते. मानसशास्त्रज्ञ गिब्सन यांनी वस्तू प्राण्याला कोणत्या कृतीची संधी देते, याचा विचार १९७० च्या दशकात मांडला. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ साली तो रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या रचनेत आणला, आणि २०१३ साली आपल्या पुस्तकाच्या सुधारित आवृत्तीत आणखी स्पष्ट केलं, की संधी असणं वेगळं आणि संधी आहे ही खूण असणं वेगळं. इतक्या उशिरा हा खुलासा त्यांना करावा लागला, कारण मधल्या काळात डिझाइनवाल्यांनी दोन्हींची पार खिचडी करून टाकली होती.

आमच्याकडे ही खिचडी व्हायला नको होती, कारण न्यायशास्त्रात खुणेचा विचार इतका कसून झाला आहे. डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर दिसतो आहे. धूर ही खूण, त्याला लिंग किंवा हेतू म्हणायचं. अग्नी हे साध्य. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, या नेमाला व्याप्ती म्हणायचं. बटणाला लावून बघू. वेबपानावर उठाव असलेला, सावली असलेला आयत दिसतो, तो धूर. दाबलं तर काही होईल, तो अग्नी. आता दोन प्रकारचे घोटाळे होऊ शकतात.

पहिला घोटाळा, धूर आहे पण अग्नी नाही. फायरवर्क्समध्ये पानाच्या कोणत्याही तुकड्याला चित्र-बदल जोडता येत असे, तो तुकडा लिंक असो वा नसो. मग लोकांनी शीर्षकांना जोडला, बोधचिन्हांना जोडला, नुसत्या फोटोंना जोडला. बाण नेला की उजळतंय, दाबलं तर काही नाही. याला नैयायिक सव्यभिचार हेतू म्हणतील. जी खूण साध्य नसलेल्या ठिकाणीही सापडते, ती खूण म्हणून बाद. आणि नुकसान त्या एका शीर्षकापुरतं राहत नाही. एकदा धुराने फसवलं की त्या पानावरच्या प्रत्येक धुराबद्दल संशय येतो. खरं बटण उजळलं तरी माणूस बिचकतो.

दुसरा घोटाळा याच्या उलट. अग्नी आहे पण धूर नाही. यासाठी शास्त्रात तापलेल्या लोखंडी गोळ्याचं उदाहरण देतात. आत धग आहे, धूर कुठेच नाही, हात लागला की कळतं. १९९८ च्या सुमारास अशा गोळ्यांनी भरलेली वेबपानं पसरली होती. पानावर सहा सारखेच ठिपके किंवा सहा अगम्य चित्रं. बाण एकेकावर नेला की मग अक्षरं उमटणार, ‘आमच्याविषयी’, ‘उत्पादनं’, ‘संपर्क’. अमेरिकेतले व्हिन्सेंट फ्लँडर्स यांनी या प्रकाराला ‘मिस्टरी मीट नॅव्हिगेशन’ असं नाव ठेवलं. तिकडच्या शाळांतल्या जेवणात कशाचं आहे ते न कळणारं मटण वाढतात, त्यावरून. आपल्याकडे याला बिनचिठ्ठीच्या डब्यांचं फडताळ म्हणावं. आजीला ठाऊक असतं कुठल्या डब्यात मोहरी नि कुठल्यात मेथी. नवीन सुनेने मात्र एकेक झाकण उघडून बघायचं, तोवर फोडणी जळते. ज्याने पान केलं तो आजीच्या जागी असतो, म्हणून त्याला हे खटकतच नाही.

या दुसऱ्या घोटाळ्याला सॉफ्टवेअरने सरळ हातभार लावला. ‘अप’ आणि ‘ओव्हर’ हे कप्पे शेजारी शेजारी ठेवल्यावर मनात येतंच, की दुसऱ्यात काहीतरी नवीन हवं. मग अर्थच तिथे नेऊन ठेवला जातो. पहिला कप्पा गूढ, दुसरा उलगडा. रहस्यकथेला हे शोभतं. कार्यालयाच्या खिडकीवर ‘चौकशी’ ही पाटी आधीपासून असली पाहिजे. ‘बोला’ हे पाटीच्या जागी चालत नाही, ते पाटीनंतरचं आहे. बाण यायच्या आधी बटणाने सगळं सांगितलेलं असावं, बाण आल्यावर फक्त होकार द्यावा. रोलओव्हर चांगलं की वाईट हे ठरवायला आम्हाला ही एकच कसोटी पुरेशी वाटते. दुसरा कप्पा पुसून टाका, बटण तरीही कळतंय का?

आता उत्तर वेळेवर येण्याबद्दल. होकार उशिरा आला तर तो होकार राहत नाही. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्याकडच्या सामान्य ग्राहकाला इंटरनेट दिलं आणि पुढची कित्येक वर्षं ते फोनच्या तारेवरून, मोडेमच्या किरकिरीसह येत होतं. हिशेब करा. मेन्यूत आठ बटणं, प्रत्येकाची तीन रूपं, म्हणजे चोवीस चित्रं. चित्र तीन किलोबाइटचं धरलं तर बहात्तर किलोबाइट. २८.८ च्या मोडेमवर सेकंदाला फार तर साडेतीन किलोबाइट येणार. म्हणजे नुसत्या मेन्यूसाठी वीस सेकंद, मजकुराचं अक्षरही यायच्या आधी. ते टाळायला ‘ओव्हर’ची चित्रं आधी मागवली नाहीत तर? बाण नेल्यावर ती मागवली जाणार, येईपर्यंत बाण पुढे गेलेला. आपण खिडकीवरून निघून गेल्यावर मागून ‘बोला’ ऐकू यावं तसं. कॅनडातले डिझायनर डेव्ह शे यांनी मार्च २००४ मध्ये ‘अ लिस्ट अपार्ट’वर यावरची एक तोड लोकांपुढे ठेवली. सगळी रूपं एकाच चित्रात छापायची आणि सीएसएसने हवा तेवढाच भाग खिडकीतून दाखवायचा. ती लवकरच सगळीकडे पसरली. खरं तर रंग बदलण्यापुरती त्याचीही गरज नव्हती. १९९८ च्या सीएसएसच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘हॉव्हर’ होतं, आणि त्याच्या शेजारीच ‘फोकस’ होतं. चित्र नको, स्क्रिप्ट नको, एक ओळ पुरे.

या ‘फोकस’पाशी आम्हाला थांबायचं आहे, कारण आमच्या टीकेचा खरा भार इथे आहे.

माउस न वापरणारी माणसं असतात. कोणाला दिसत नाही. कोणाचा हात चालत नाही. कोणाचा चालतो पण थरथरतो, आणि आमच्या वयात ही शेवटची जमात झपाट्याने वाढते. ही माणसं कळफलकावरची टॅबची कळ दाबत एका लिंकवरून दुसरीवर जातात. ‘आत्ता मी या बटणावर आहे’ ही त्यांची अवस्था, तिला फोकस म्हणतात. तत्त्वतः ती ‘ओव्हर’ची सख्खी बहीण आहे. हा माणूसही खिडकीशी येऊन उभाच आहे, फक्त दुसऱ्या रस्त्याने आला आहे. पण फायरवर्क्सच्या पाच कप्प्यांत फोकसला कप्पा नाही. इमेजरेडीच्या यादीतही नाही. अवस्थांची नावंच माउसच्या हालचालींवरून पाडली होती, माणसाच्या हेतूवरून नव्हे. माउसने येणाऱ्याला ‘बोला’, कळफलकाने येणाऱ्यासमोर मान खाली. मे १९९९ मध्येच वेबच्या सुलभतेची पहिली मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध झाली होती आणि अमुक एका उपकरणावर विसंबून राहू नका, हे त्यात स्वच्छ लिहिलं होतं. म्हणजे कुणाला ठाऊकच नव्हतं असं नाही.

मराठीपुरती एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. २००० च्या आसपास बहुतेकांच्या संगणकावर देवनागरी नीट दिसण्याची खात्री नव्हती. युनिकोड सगळीकडे पोचलं नव्हतं, प्रत्येक संकेतस्थळाचा आपला फाँट. तेव्हा ‘मुख्यपृष्ठ’, ‘लेख’, ‘संपर्क’ हे शब्द चित्र म्हणून काढून बटणावर बसवणं ही खरोखर सोय होती. फाँट नसला तरी निदान मेन्यू वाचता यायचा. त्या काळच्या मराठी पानकर्त्यांना आम्ही दोष देणार नाही. पण चित्रातला शब्द हा शब्द नसतो, तो शब्दाचा फोटो असतो. शोधयंत्राला तो सापडत नाही. मोठा करून वाचायला गेलं तर फाटतो. न दिसणाऱ्यासाठी पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिथे अडतं आणि चित्राला पर्यायी मजकूर दिलेला नसेल तर फाइलचं नाहीतर लिंकचं नाव वाचायला लागतं. मराठी माणूस मराठी पान ऐकतो आहे आणि कानावर येतंय ‘बीटीएन अंडरस्कोर एफ टू’. पर्यायी मजकुरासाठी चौकट सॉफ्टवेअरमध्ये होती. ती रिकामी ठेवली तरी एक्सपोर्ट बिनतक्रार व्हायचं.

मग २००७ साली आयफोन आला आणि ज्यांना आजवर माउसचं राज्य कायमचं वाटत होतं त्यांच्या पायाखालची सतरंजी गेली. बोटाला ‘वर असणं’ नाही. बोट एक तर टेकलेलं असतं किंवा नसतं. त्याच वर्षी अडोबीने इमेजरेडी बंद केलं, हा योगायोग. मॅक्रोमीडिया २००५ मध्ये अडोबीत विलीन झाली होतीच, फायरवर्क्सचं पुढचं काम २०१३ मध्ये थांबवल्याचं जाहीर झालं. सॉफ्टवेअरं गेली, त्यांनी लावलेली सवय राहिली. एका कार्यालयाच्या संकेतस्थळावर पेन्शनसाठीचा अर्ज शोधायला आम्ही टॅबलेट घेऊन बसलो होतो. वरच्या मेन्यूतला उपमेन्यू बाण नेल्यावर उघडणार, आणि बाण तर नाही. बोट टेकवलं की उपमेन्यू न उघडता भलतंच पान उघडायचं. शेवटी नातीच्या लॅपटॉपवर तो अर्ज सापडला. तिथे माउस होता, तर उपमेन्यूतल्या तिसऱ्या ओळीपर्यंत जाताना हात जरा तिरका गेला की सगळं मिटायचं. नात म्हणाली, ‘आजोबा, आधी सरळ खाली या, मग उजवीकडे वळा.’ गल्लीबोळातून स्कूटर काढावी तशा सूचना. जून २०१८ मध्ये सुलभतेच्या तत्त्वांची जी सुधारित आवृत्ती आली, तिने यासाठी खास कलम घातलं. बाण नेल्यावर जे उघडतं, ते बाण न हलवता बंद करता आलं पाहिजे, त्याच्यावर बाण नेता आला पाहिजे, आणि वाचून होईपर्यंत ते टिकलं पाहिजे. हे कलमात लिहावं लागलं, यातच सगळं आलं.

एक प्रश्न आधीच लिहून आलेला आहे, तो घेऊ आणि मग बाकीचे. एका तरुण डिझायनरने विचारलं आहे, ‘सर, अर्ध्याहून जास्त लोक मोबाइलवर येतात. मग हॉव्हर काढूनच टाकावं का?’

नाही, काढू नका. लॅपटॉपवर आलेल्या माणसाला ‘बोला’ म्हणायला काय हरकत आहे? आता सीएसएसलाच विचारता येतं, की समोरच्या उपकरणाला हॉव्हर जमतं का. जमत असेल तिथे द्या. पण तुम्ही ज्या फिग्मात काम करता, तिथेही बटणाची रूपं एकाखाली एक मांडायची सोय आहे, फायरवर्क्सच्या कप्प्यांसारखीच. तिथे ‘हॉव्हर’ काढाल तेव्हा त्याच बैठकीत ‘फोकस’ काढा. आणि आणखी एक रूप काढा जे त्या जुन्या कप्प्यांत नव्हतं, ‘काम चालू आहे’. नैयायिक ज्ञान, इच्छा, प्रयत्न असा क्रम सांगतात, आणि प्रयत्नानंतर फळ येतं. पैसे भरण्याचं बटण दाबलं, काहीच हललं नाही, म्हणून माणूस पुन्हा दाबतो आणि पैसे दोनदा जातात. ते बटण दाबेपर्यंत भारी चमकत होतं, दाबल्यावर मात्र मुकं झालं.

आणि सोपवण्याआधी माउसची तार काढून ठेवा, लॅपटॉप असेल तर टचपॅडला हात लावू नका. नुसती टॅब दाबत आपल्याच पानाच्या शेवटापर्यंत जा. प्रत्येक थांब्यावर आपण कुठे आहोत ते दिसतंय का बघा. आम्ही हा प्रयोग परवा एका नामांकित संकेतस्थळावर केला. तिसऱ्या टॅबनंतर आम्ही कुठे होतो, ते आम्हालाही दिसेना आणि शेजारी बसलेल्या नातीलाही. हं, मागच्या रांगेतून हात वर आहे. बोला.